सुट्टीचं घर बंद करताना पाण्याचं काय करायचं?

घर महिना-दोन महिने बंद राहणार असेल तर निघताना आपण कुलूप ओढून बघतो, खिडक्यांच्या कड्या तपासतो, गॅस बंद केला का हे दोनदा विचारतो. भिंतींच्या आत, फरशीखाली, माळ्यावर दाबाखाली भरून राहिलेलं पाणी मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणाऱ्या भागात घर असेल तर हीच सर्वांत मोठी चूक ठरू शकते.

राहत्या घरात पाइप फुटला तर आवाज येतो, पायाखाली ओल लागते, कोणीतरी धावत जाऊन मेन कॉक बंद करतं. पुसापुशी होते, प्लंबर येतो, प्रकरण मिटतं. बंद घरात धावत जाणारं कोणी नसतं. फुटलेल्या पाइपातून मिनिटाला १५ लिटर पाणी बाहेर पडतंय असं धरून हिशोब करा. तासाला ९०० लिटर, दिवसाला २१,६०० लिटर, दोन आठवड्यांत ३ लाख लिटरच्या वर. भेग दोन्ही घरांत तेवढीच आहे. नुकसान ठरतं ते पाणी किती वेळ वाहत राहिलं यावरून.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: रिकाम्या घरात पाणी दाबाखाली ठेवून जाऊ नका. आवरणं, हीटर, सेन्सर हे सगळं उपयोगाचं आहे आणि त्याबद्दल पुढे येईलच, पण ते सगळं या एका गोष्टीनंतर.

पाइप नेमका का फुटतो

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत आकसतं, पण त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागतं, आणि बर्फ होताना त्याचं आकारमान जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढतं. इथपर्यंत शाळेत शिकलेलं असतं. त्यावरून आपली अशी समजूत होते की बर्फ आतून पाइपाच्या भिंतीला रेटतो आणि जिथे बर्फ झाला तिथेच पाइप फुटतो.

प्रत्यक्षात बरेचदा असं होत नाही. बर्फ पाइपाच्या आतल्या कडेने धरायला लागतो, जाड होत जातो आणि शेवटी एका जागी पाइप पूर्ण बंद करतो. हे बर्फाचं बूच लांबीच्या दिशेने वाढत राहतं. एका बाजूला, म्हणजे पाणीपुरवठ्याकडे, वाढलेल्या दाबाला मागे सरकायला वाट असते. दुसऱ्या बाजूला बंद नळ असतो. बूच आणि नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकलं ते कुठेच जाऊ शकत नाही, आणि पाणी दाबून लहान होत नाही. पिचकारीचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबून मागून दट्ट्या रेटत राहावं, तशी ही स्थिती असते. घरगुती पुरवठ्याचा दाब साधारण ३ ते ५ बार असतो (बार हे दाब मोजायचं एकक; १ बार म्हणजे साधारण हवेचा दाब). अडकलेल्या पाण्यात तो शेकडो बारवर जातो.

इतका दाब येतो कुठून? दाब वाढला की पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. सुरुवातीला १ अंशासाठी सुमारे १३० बार लागतात. उलट बाजूने बघितलं तर याचा अर्थ असा, की पाइप उणे २ अंशांवर असेल तर बर्फ साधारण २६० बार दाब होईपर्यंत वाढतच राहू शकतो. उणे ६ अंशांना हा आकडा ७०० बारच्या आसपास जातो. घरातला तांब्याचा पाइप तिथे टिकत नाही, कडक प्लॅस्टिकचा तर नाहीच. पीईएक्स नावाच्या लवचिक प्लॅस्टिकचा पाइप थोडा ताणून घेतो, पण त्याचे जोड आणि नळ धातूचे किंवा कडक प्लॅस्टिकचे असतात, ते तडकतात.

गोठून फुटलेला तांब्याचा पाइप हातात घेऊन बघितला की हे सगळं समजतं. गंजलेल्या पाइपाला टाचणीएवढं भोक पडतं. हा पाइप मात्र आधी एका जागी फुगलेला असतो आणि त्या फुगवट्यावर लांबीच्या दिशेने चिरलेला असतो. चिरेच्या कडा बाहेर वळलेल्या, मासळीच्या उघड्या तोंडाच्या आकाराच्या. आतल्या दाबाने धातू ताणला गेला, पातळ झाला आणि मग फाटला. असा तुकडा भिंतीच्या उबदार भागातही सापडतो, जिथे बर्फ झालाच नव्हता.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे थंडीत नळ थोडा ठिबकत ठेवण्याचा सल्ला. त्याचं कारण बहुतेक जण "वाहतं पाणी गोठत नाही" असं सांगतात. वाहण्याने थोडी मदत होते हे खरं, पण खरा फायदा असा की उघड्या नळामुळे अडकलेल्या पाण्याचा दाब सुटतो. बर्फ झाला तरी पाइप वाचतो. हा उपाय राहत्या घरात एखाद्या कडाक्याच्या रात्रीपुरता ठीक आहे. बंद घरात आठवडेच्या आठवडे नळ ठिबकत ठेवणं चुकीचं: सांडपाण्याच्या पाइपात ते थेंब थरावर थर गोठत जातात, बेसिन तुंबतं आणि पाणी शेवटी जमिनीवरच येतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाइप फुटतो थंडीत, पण पाणी वाहायला लागतं थंडी ओसरल्यावर. जोवर बर्फाचं बूच जागेवर आहे तोवर तेच पाणी अडवून धरतं. ऊन पडतं, पारा शून्याच्या वर येतो, बूच वितळतं आणि पुरवठ्याचा पूर्ण दाब त्या चिरेतून बाहेर पडतो. "थंडीची लाट गेली, घर सुखरूप आहे" असं आपण म्हणतो, नेमकं त्याच दिवशी घरात पाणी भरायला लागतं.

पाणी शून्यावर पोचलं की लगेच गोठतं असंही नाही. पाइपातलं स्थिर पाणी शून्याच्या काही अंश खाली जाऊनही द्रव राहू शकतं आणि मग एकाएकी बर्फ धरतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात पाइप मुद्दाम गोठवून प्रयोग झाले. माळ्यावरच्या, आवरण नसलेल्या पाइपांसाठी बाहेरचं तापमान उणे ७ अंशांच्या आसपास गेलं की धोका सुरू होतो, असं त्यातून पुढे आलं. तरी हा आकडा लक्ष्मणरेषा समजू नका. भिंतीतल्या फटीतून पाइपावर थेट वारा येत असेल तर त्याआधीही तो गोठतो.

आणि गरम पाण्याची लाइन सुरक्षित असते हा समज मनातून काढून टाका. गरम पाण्याचे पाइप जास्त वेळा का फुटतात याबद्दल "फिजिकल रिव्ह्यू" या नियतकालिकात १९१६ मध्येच लिहिलं गेलं होतं. तापवलेल्या पाण्यातली हवा निघून गेलेली असते, त्यामुळे ते जास्त खाली जाऊन मग घट्ट गोठतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की पाणी काढताना गार आणि गरम दोन्ही लाइनी काढायच्या.

घर गरम ठेवायचं की पाणी काढून टाकायचं

बंद घर वाचवण्याच्या वाटा दोन. एकतर घरात इतकी ऊब ठेवायची की पाणी गोठणारच नाही, किंवा गोठायला पाणीच ठेवायचं नाही.

ऊब ठेवायची तर थर्मोस्टॅट (घर किती गरम ठेवायचं हे ठरवणारं यंत्र) १३ अंशांच्या खाली नेऊ नये असा सर्वसाधारण सल्ला असतो. १३ हा आकडा गोठणबिंदूपासून बराच वर वाटतो. पण थर्मोस्टॅट घराच्या मध्यभागी, आतल्या भिंतीवर असतो. तो १३ दाखवतो तेव्हा उत्तरेकडच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या बंद कपाटात किती असेल? तिथे शून्याच्या जवळपास असू शकतं. म्हणून निघताना सिंक आणि बेसिनखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायची, खोल्यांची दारं उघडी ठेवायची, म्हणजे ऊब तिथवर पोचते.

या वाटेची अडचण अशी की ऊब वीज किंवा इंधनावर अवलंबून असते, आणि वीज जाते ती बरेचदा भर थंडीच्या वादळातच. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हेच झालं. हिमवादळात वीजयंत्रणा कोलमडली, लाखो घरं अंधारात आणि थंडीत गेली आणि असंख्य घरांतले पाइप फुटले. तिथली बरीच घरं उष्ण हवामान धरून बांधलेली, पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले. त्या घरांत माणसं हजर होती, तरी हे झालं. रिकाम्या घरात घर तापवणारा बॉयलर बंद पडला, टाकीतलं इंधन संपलं किंवा थर्मोस्टॅटची साधी बॅटरी गेली तरी कोणाला कळणार नाही.

माझं मत सरळ आहे. दोन-चार दिवसांसाठी जायचं असेल तर ऊब ठेवा आणि मेन कॉक बंद करा. आठवड्याहून जास्त घर बंद राहणार असेल आणि पारा शून्याखाली जायची शक्यता असेल तर पाणी काढून टाका. काही तासांचं काम आहे, एकदा हात बसला की त्याहून लवकर होतं.

दोन ठिकाणी मात्र थांबून विचार करायचा. घर गरम पाण्याच्या रेडिएटरने तापत असेल तर त्या यंत्रणेत स्वतःचं वेगळं पाणी फिरत असतं. नळांचं पाणी काढलं तरी ते तिथेच राहतं, आणि घर थंड पडलं तर रेडिएटर फुटतात. त्यात अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) घालायचं, ते रिकामं करायचं की चालू ठेवायचं हे तंत्रज्ञाला विचारूनच ठरवा. काही बॉयलरना वरून पाणी भरत राहावं लागतं, त्यामुळे मेन कॉक बंद करण्यापूर्वीही विचारा. आगीसाठी बसवलेले स्प्रिंकलर असतील तर त्यांचा पुरवठा स्वतःच्या अंदाजाने अजिबात बंद करायचा नाही.

मेन कॉक: आधी याची ओळख करून घ्या

पुरवठा घरात शिरतो तिथला मेन कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. शेजारी किल्ली ठेवणाऱ्यालाही. अडचणीच्या वेळी फोनवरून "पायऱ्यांच्या खाली, उजव्या हाताला, लाल दांडा" एवढं सांगता आलं पाहिजे.

जुन्या घरांत गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असतो. वर्षानुवर्षं न फिरवल्याने तो गंजून अडकतो किंवा पूर्ण बसतच नाही. तो बंद करून खालचा एखादा नळ उघडा. धार थांबून थेंबही पडायचा बंद झाला तर कॉक चांगला. बारीक धार चालूच राहिली तर निघण्याच्या दिवसाची वाट न बघता आधीच प्लंबर बोलावून पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. या सगळ्या खटाटोपात पैसे घालायचे असतील तर ते इथे पहिले घाला.

एक बारकावा बरेच जण विसरतात. कॉक बंद केला तरी त्याच्या अलीकडचं, म्हणजे रस्त्याकडचं पाणी दाबाखालीच असतं. कॉक थंड तळघरात किंवा जोत्याखालच्या उघड्या पोकळीत असेल तर घर रिकामं करूनही नेमका तोच गोठून फुटू शकतो. जमीन ज्या खोलीपर्यंत गोठते त्याच्या खाली, बाहेरच्या चेंबरमध्ये आणखी एक कॉक असतो. शक्यतो तिथून बंद करावं. तो पाणीपुरवठा खात्याच्या ताब्यात असेल तर त्यांना सांगून बंद करून घ्यावा. स्वतःची विहीर किंवा बोअरवेल असेल तर पंपाची वीज बंद करायची आणि प्रेशर टाकी रिकामी करायची.

पाणी काढायचं कसं

इथे क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी गीझरची वीज किंवा गॅस बंद. विजेच्या गीझरमधलं पाणी निघून गेलं आणि आतली कॉइल चालू राहिली तर ती काही क्षणांत जळते. गीझरमधलं पाणी निवायला वेळ द्या. उकळतं पाणी काढायला जाऊ नका.

मग मेन कॉक बंद. आता घरातले सगळे नळ उघडायचे, वरच्या मजल्यापासून खाली येत. गार, गरम, शॉवर, बाहेरचा नळ, कपडे धुण्याच्या मशीनचा नळ, काहीही सोडायचं नाही. वरचे नळ उघडे असले की तिथून हवा आत शिरते आणि पाणी खाली उतरतं. वर हवा शिरली नाही तर पाणी पाइपात लटकून राहतं. सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा कॉक असतो, तो उघडा. गीझरच्या तळाशीही असाच कॉक असतो. त्याला रबरी नळी लावून दुसरं टोक मोरीत किंवा बाहेर सोडा आणि गरम पाण्याचा एखादा नळ उघडा ठेवा. शेवटी शेवटी धारेतून गढूळ गाळ यायला लागला तर घाबरू नका, तळाशी साठलेले क्षार आहेत ते.

फ्लशची टाकी दोनदा ओढून रिकामी करायची. तरी तळाशी बोटभर पाणी उरतंच. ते स्पंजने टिपून घ्या. चिनी मातीच्या टाकीला तेवढं पाणीही तडा देऊ शकतं.

उतार नीट असलेले पाइप असे रिकामे होतात. पण कुठेतरी पाइप मध्येच झोळ देऊन खाली गेलेला असतो, कुठे भिंतीत वळसा असतो आणि तिथे पाणी साठून राहतं. म्हणून बंद घर ज्यांचं नेहमीचं आहे ते कॉम्प्रेसरने हवा सोडून लाइन उडवतात. हवेचा दाब ३ बारच्या आसपास ठेवायचा, त्यापेक्षा जास्त नाही. जोड उखडायला वेळ लागत नाही. एकेक नळ उघडत जायचं, आधी पाणी येतं, मग फवारा, मग कोरडी हवा. कोरडी हवा आली की पुढचा नळ.

बॉल व्हॉल्व्हबद्दलही एक गोष्ट. त्याच्या आतल्या गोळ्याच्या पोकळीत चमचाभर पाणी अडकतं, पूर्ण बंद असतानाही आणि पूर्ण उघडा असतानाही. तेवढ्यानेही व्हॉल्व्ह तडकतो. म्हणून घरातल्या रिकाम्या केलेल्या लाइनीवरचे बॉल व्हॉल्व्ह अर्धे, म्हणजे दांडा तिरका करून सोडायचे. मेन कॉक अर्थातच पूर्ण बंद.

आता राहिले ट्रॅप. बेसिनखाली पाइपाला जो बाक असतो त्यात पाणी मुद्दाम उभं ठेवलेलं असतं, गटाराची दुर्गंधी घरात येऊ नये म्हणून. ते काढून टाकलं तर वास आणि गटारातला वायू आत येतो, ठेवलं तर गोठून बाक फुटतो. यावर उपाय म्हणजे अँटिफ्रीझ. पण गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते नव्हे. त्यात सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते माणसांना, कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. प्लंबिंगसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, कमी विषारी अँटिफ्रीझ मिळतं, बहुधा गुलाबी रंगाचं. प्रत्येक बेसिन, सिंक, टब, नहाणी ट्रॅप, मशीनच्या सांडपाण्याचा पाइप यांत ते ओतायचं, आणि कमोडमधलं पाणी शक्य तेवढं काढून त्यातही. त्यात पाणी मिसळून पातळ करू नका. तळघरातली, वर्षानुवर्षं कोणी न बघितलेली फरशीची जाळी सगळ्यात आधी विसरली जाते.

कपडे धुण्याचं मशीन आणि डिशवॉशर यांच्या पोटात पाणी राहतंच. आत येणाऱ्या नळ्या काढून रिकाम्या करा आणि पंपाच्या गाळणीपाशी साठलेलं पाणी काढा. फ्रिजला बर्फ बनवायची लाइन जोडलेली असेल तर तीही. पाण्याच्या फिल्टरची भांडी उघडून ओता. भिंतीवरच्या टाकीविना गीझरमध्ये गोठण्यापासून बचावाची सोय असते खरी, पण ती विजेवर चालते, त्यामुळे तोही रिकामाच करायचा.

बाहेरच्या नळाला लावलेली बागेची नळी काढून ठेवा. दंवरोधक नळ बसवला असेल तरी. त्या नळाची पाणी अडवायची जागा भिंतीच्या आत उबदार भागात असते आणि पुढची दांडी रिकामी होते, म्हणून तो गोठत नाही. नळी तशीच जोडलेली राहिली तर दांडीतलं पाणी बाहेर पडत नाही आणि भारी किमतीचा नळही साध्या नळासारखाच फुटतो, तोही भिंतीच्या आत.

आवरणं, केबल आणि सेन्सर

पाइपाला फोमचं आवरण घातलं की काम झालं, असं समजू नका. आवरण उष्णता तयार करत नाही. ते फक्त आतली उष्णता बाहेर जायला उशीर लावतं. राहत्या घरात दिवसातून चार वेळा नळ सुटतो, पाइपात कोमट पाणी येतं, आणि त्या मधल्या वेळापुरतं आवरण पुरतं. रिकाम्या, थंड घरात पाणी हलतच नाही. आवरण असलं तरी काही तासांनी पाइप बाहेरच्या तापमानाला येतोच.

बाहेरच्या भिंतीतल्या पाइपाबाबत तर आवरण कोणत्या बाजूला आहे यावर सगळं अवलंबून असतं. पाइप आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये ते हवं. कारागिराने पाइप आणि खोली यांच्यामध्ये भरून ठेवलं तर खोलीची ऊब पाइपाला मिळत नाही आणि आवरण नसतं तेच बरं अशी गत होते. त्यापेक्षा भिंतीत पाइप, केबल शिरतात तिथल्या फटी बुजवणं स्वस्त आणि जास्त गुणकारी.

पाइपावर गुंडाळायची विजेची हीटिंग केबल मिळते. तापमानानुसार स्वतःच कमी-जास्त तापणारी घ्या, एकावर एक वळसा येऊ देऊ नका. तीही वीज गेली की निकामी.

गळतीचे सेन्सर मला आवडतात, पण त्यांचं काम समजून घ्यावं. फरशीवर ठेवलेला सेन्सर ओल लागली की फोनवर निरोप पाठवतो. तुम्ही तेव्हा पाच तासांच्या अंतरावर असाल तर? म्हणून सेन्सरला स्वतःहून मेन कॉक बंद करणारी मोटर जोडलेली असावी, किंवा किल्ली असलेलं माणूस जवळ असावं. वीज गेली की वाय-फायही जातं. बॅटरी आणि मोबाइल नेटवर्कवर चालणारा सेन्सर त्या वेळी उपयोगी पडतो. तापमान कळवणारा सेन्सर मात्र प्रत्येक बंद घरात असावा असं मला वाटतं, कारण तो पाइप गोठायच्या आधी सांगतो.

थंडी नसतानाची गळती

बर्फ नाही म्हणून उन्हाळ्यात बंद घर निर्धास्त सोडता येत नाही. कपडे धुण्याच्या मशीनच्या रबरी नळ्या सतत दाबाखाली असतात आणि जुन्या झाल्या की फुगून फाटतात. जाळीदार स्टीलच्या नळ्या लावा, त्यासुद्धा पाचेक वर्षांनी बदला. कमोडच्या टाकीचा बॉल कॉक बिघडला की पाणी रात्रंदिवस वाहतं. बेसिनखालच्या प्लॅस्टिकच्या कपलिंग तडकतात, गीझरची टाकी गंजून खालून सुटते. या सगळ्यांवर एकच उतारा आहे आणि तो फुकट आहे: मेन कॉक बंद.

जायच्या आदल्या दिवशी एक छोटी तपासणी करा. सगळे नळ बंद ठेवून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्या आणि तासाभराने पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. कमोडच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकून बघा. फ्लश न करता तो भांड्यात उतरला तर टाकीचं रबर गेलंय.

विम्याची कागदपत्रंही एकदा उघडा. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं, किंवा घर गरम ठेवलं नाही आणि पाणीही काढलं नाही, तर गोठलेल्या पाइपाचं नुकसान न देण्याची अट बऱ्याच पॉलिसींत असते. आपल्या पॉलिसीत नेमके किती दिवस लिहिलेत ते पाहून ठेवा, आणि मेन कॉक बंद केल्याचा, थर्मोस्टॅटचा तारखेसह फोटो काढा.

परत आल्यावर

दार उघडलं आणि नळाला पाणी येत नसेल तर आधी मेन कॉक बंद करा. मग कुठे गोठलंय ते शोधा: दंव धरलेला, फुगलेला किंवा हाताला बाकीच्यापेक्षा गार लागणारा भाग. त्या लाइनीवरचा नळ उघडा आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे सरकत हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने ऊब द्या. म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. ब्लोटॉर्च किंवा कसलीही उघडी ज्योत वापरू नका. यातून घरांना आगी लागल्या आहेत. फरशीवर पाणी साचलेलं दिसलं तर आत पाऊल टाकण्याआधी विजेचा मुख्य स्विच बाहेरून बंद करता येतो का ते पाहा. भिजलेलं सामान, गालिचे, भिंतीला लावलेले बोर्ड २४ ते ४८ तासांत वाळवायला हवेत, त्यानंतर बुरशी धरते.

सगळं ठीक असेल तर पाणी भरायची घाई करू नका. आधी सगळे निचऱ्याचे कॉक बंद करा, घरातले नळ थोडे उघडे ठेवा आणि मेन कॉक अगदी हळू, पाव पाव उघडा. नळ फुरफुरतील, हवा निघेल. एकजण मेन कॉकपाशी थांबलेला असावा आणि दुसऱ्याने घरभर फिरून ऐकावं, बघावं. गीझर पूर्ण भरला, गरम नळातून अखंड धार आली, तेव्हाच त्याची वीज चालू करायची.

पहिलं पाणी प्यायचं नाही, वाहू द्यायचं. पाणी न काढता फक्त बंद ठेवलेल्या घरात याची गरज जास्त, कारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि फवाऱ्यातून श्वासावाटे फुप्फुसात जातात. खिडक्या उघडा, शॉवरचं तोंड काढून ठेवा म्हणजे तुषार उडणार नाहीत, गीझर ६० अंशांपर्यंत तापू द्या आणि मग प्रत्येक गरम नळ काही मिनिटं सोडा. शेवटी नळ सगळे बंद करून पुन्हा एकदा मीटरचा आकडा घ्या आणि तासाभराने तपासा. भिंतीच्या आतली बारीक चीर कानाला ऐकू आली नाही तरी मीटरवर दिसते.